पहिला रिमोट दादाचा

चष्म्याच्या दुकानाला दोन बाजू असतात. पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारी पोरं. मागे, पडद्याआड, काच घासणारी बाई. गिऱ्हाईक म्हणतं, "वा, काय छान बसला चष्मा!" आणि पुढची पोरं अशी मान डोलावतात की जणू त्यांनीच घासलाय. मागची बाई चकार शब्द बोलत नाही. तिच्या बोटांच्या चिरांमध्ये पांढरी पूड बसलेली असते, बाही पाण्याने भिजलेली असते आणि मशीनची घरघर कानात इतकी मुरलेली असते की घरी गेल्यावर शांतताच टोचते. दुकानात तिला काचबाई म्हणत. घरात ती धाकटी. चाळिशी उलटली, कानाजवळचे केस पिकले, स्वतःच्याच डोळ्यांवर चष्मा चढला, तरी धाकटी ती धाकटीच. कारण जगात जोवर दादा आहे तोवर ती दुसरं काही होऊच शकत नव्हती.

दादा होता, पण कसा होता ते विचारू नये.

गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा माणूस. खोक्यांचे डोंगर उचलून छताजवळच्या फळीवर असे अलगद ठेवायचा की खालचे हमाल आ वासून बघायचे. "अरे, लहानपणी गेम खेळून आईच्या शिव्या खाल्ल्या, त्यावरच आता पोट भरतोय," असं तो सगळ्यांना ऐकवायचा. एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातला वस्तरा गळून पडला. तो उचलायला वाकला, तो उठलाच नाही. अर्धांगाचा झटका. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हसवून हसवून पोट दुखवणारा माणूस गोणीसारखा घरी आणला गेला आणि मागच्या खोलीत, खिडकीशेजारच्या पलंगावर ठेवला गेला. त्या दिवसापासून त्याने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. उंच, धिप्पाड, खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत रबरी चेंडू आणि पट्टे. पहिले काही आठवडे त्या हसतमुखाने यायच्या. मग हसू गेलं. एके दिवशी त्यांनी धाकटीला आणि वहिनीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"हे बघा, मी स्पष्ट सांगते. यांचा डावा हात ठणठणीत आहे. पण तोसुद्धा हे हलवत नाहीत. मी पाय उचलते, मी हात उचलते, मी सोडला की धप्पकन खाली. मेलेल्या माणसाला व्यायाम दिल्यासारखं वाटतं मला."

वहिनीने ओट्याची कड धरली. "मग करायचं काय?"

"उजवा हात आपली वाट बघत थांबत नाही. रोज थोडा आखडतो. एकदा आखडला की संपलं, मग मी आले काय आणि न आले काय. यांना काहीतरी हवंसं वाटलं पाहिजे. काहीही. भांडावंसं वाटलं तरी चालेल. तुम्ही घरचे आहात, तुम्हाला ठाऊक असेल यांना कशाची ओढ आहे."

घरच्यांना ठाऊक असतं, असं बाहेरच्यांना फार वाटतं. वहिनीने त्याच्या आवडीची गाणी लावून पाहिली. गोदामातले मित्र येऊन गेले. ते मोठमोठ्याने बोलले, मग हळू बोलले, मग यायचे बंद झाले. वहिनी त्याला चमच्याने भरवायची, तो गिळायचा, कधी तेही नाही. तिची कंबर गेली होती, झोप गेली होती, आणि आपल्या नवऱ्याकडे बघताना तिच्या डोळ्यांत जो राग यायचा तो पाहून ती स्वतःच घाबरायची. धाकटी रोज दुकान सुटलं की थेट इकडे यायची. तिचा नवरा म्हणायचा, "तुझी पथारीच तिकडे हलव." तरी ती यायची, पलंगाशेजारी स्टुलावर बसायची, दादाच्या पाठीशी बोलायची.

कामात तिचं लक्ष लागेना. डाव्या डोळ्याची काच उजव्याच्या मापात कापली. मालक पडद्याआड येऊन ओरडून गेले आणि ती नुसती मशीनकडे बघत बसली. त्या मशीनला एक खोड आहे: काच कापून झाली की ते चार सुरांचं एक फालतू तुणतुणं वाजवतं. इतकी वर्षं ते ऐकून तिचे कान किटले होते. त्या दिवशी मात्र ते वाजलं आणि तिचे दोन्ही अंगठे आपसूक वाकले. समोर काही नव्हतं, हातात काही नव्हतं, आणि अंगठे वाकलेले. एका क्षणात तिच्यापुढे पडदे ओढलेली खोली, गरम झालेला अ‍ॅडॉप्टर आणि शेजारी मांडी घालून बसलेला दादा उभा राहिला. ती पाणी चालू ठेवूनच उठली.

आता त्या गेमच्या खोक्याबद्दल. हल्ली त्या जुन्या व्हिडिओ गेमचं नाव काढलं की चाळिशीतली माणसं डोळे मिटून सुस्कारे सोडतात, जणू स्वर्गच हरवला. कसला स्वर्ग! निम्मी दुपार कॅसेट फुंकण्यात जायची. कॅसेट घाला, पडद्यावर नुसत्या उभ्या रेघा. काढा, फुंका, परत घाला, करड्या मुंग्या. काढा, फ्रॉकला पुसा, फुंका, जरा तिरकी बसवा, तिच्यावर जड पुस्तक ठेवा. मग कुठे चित्र यायचं, आणि नेमकी तेव्हा आई टीव्ही बंद करायची. कॅसेटवर नऊ हजारांहून जास्त गेम छापलेले असायचे आणि आत तेच पाच-सहा गेम रंग बदलून यायचे. सरळसरळ फसवणूक होती. तरी त्या फसवणुकीसाठी आख्ख्या पिढीने जीव टाकला, हेही खरं.

या दोघा भावंडांचा गेम होता दोन शिपायांचा. निळा दादाचा, लाल धाकटीचा. उजवीकडे पळत जायचं, गोळ्या चुकवायच्या, खड्डे ओलांडायचे. प्रत्येकाला तीन लाइफ. त्या गेमचा एक विचित्र नियम होता: दोघं एकाच पडद्यावर राहायला हवेत. एक जण मागे रेंगाळला की पडदा पुढे सरकायचाच नाही. पुढचा कितीही शूर असो, मागचा येईपर्यंत त्याला जागच्या जागी उड्या मारत बसावं लागायचं. मागच्याच्या सगळ्या लाइफ संपल्या की मात्र पडदा मोकळा. शेजारपाजारची मुलं म्हणूनच धाकट्या भावंडांना मुद्दाम खड्ड्यात पडू द्यायची. दादाने ते कधी केलं नाही. धाकटी अडखळायची, चुकीचं बटण दाबायची, भिऊन कोपऱ्यात उभी राहायची आणि निळा शिपाई मागे वळून तिच्याजवळ यायचा.

आणखी एक गोष्ट. त्यांच्या खोक्याच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नव्हतं. पहिल्याला होतं. गेम सुरू करायचा तर पहिल्यानेच, मध्ये थांबवायचा तर पहिल्यानेच. आणि पहिला रिमोट दादाचा, हे ठरवायला घरात कधी बैठक बसली नव्हती. ते तसंच होतं. धाकटीने जन्मात स्टार्ट दाबलं नव्हतं. तिचं काम तयार होऊन बसायचं आणि दादाच्या अंगठ्याकडे बघायचं.

त्यांचा स्वतःचा खोका आईने कधीच भंगारात दिला होता. धाकटीने जिवाचं रान केलं. माळे शोधले, ओळखीपाळखीच्यांना फोन केले. शेवटी पुलाखालच्या जुन्या सामानाच्या बाजारात एक दुकान सापडलं. तिथे पंखे, टेलिफोन, रेडिओ आणि मधोमध फळीवर ओळीने मांडलेले करडे-पांढरे खोके. दुकानदार म्हातारा, बोलघेवडा.

"या, बसा. हे न्यायला येणारा प्रत्येक जण मला आधी त्याचं बालपण सांगतो. मी ऐकून घेतो. तुमचं सांगा."

"मला वेळ नाही," धाकटी म्हणाली.

तो जरा दचकला. मग त्याने एक चकचकीत डबा पुढे केला. "हा घ्या. नवा आहे, वरून जुन्यासारखा. हजार गेम, रिमोट बिनतारी."

"तारेचा हवा. जुनाच."

त्याने जुना काढला. तिने दुसरा रिमोट उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. "याला स्टार्ट आहे."

"मग? असायलाच हवं की."

"आमच्या दुसऱ्याला नव्हतं."

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. "लोक इथे बिघडलेलं बटण बदलायला येतात. नसलेलं बटण शोधत आलेलं गिऱ्हाईक आजच बघितलं! अहो बाई, ती त्यात खोट होती. त्यात काय ठेवलंय?"

तिच्यासाठी सगळं त्यातच होतं. दुसऱ्याला स्टार्ट असलं तर दादा डोळ्यांनीच म्हणेल, तूच दाब. नसलं तर त्यालाच दाबावं लागेल. दुसरा इलाजच राहणार नाही. तिच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं होतं की ती त्या म्हाताऱ्यासमोर हुंदके देऊन रडायला लागली. तो बिचारा घाबरला. बालपण ऐकून घ्यायची त्याची तयारी होती, या रडण्याची नव्हती. त्याने आतले सगळे खोके उपसले आणि तळातून एक पिवळट पडलेला काढून दिला, सोबत त्या दोन शिपायांची कॅसेटही. त्याच्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्टच्या जागी नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिक होतं.

खोका टीव्हीला जोडला, टीव्ही पलंगासमोर आणला. दादाला उशा लावून बसवलं, तोंड टीव्हीकडे वळवलं. वहिनी दारात हाताची घडी घालून उभी होती. धाकटीने कॅसेट फुंकली, आत ढकलली. रेघा. पुन्हा फुंकली. आलं! गेमचं नाव, खाली दोन ओळी, एक खेळाडू की दोन, आणि ते तुतारीसारखं वाजणारं संगीत. तिने पहिला रिमोट दादाच्या मांडीवर ठेवला, त्याचे दोन्ही हात उचलून त्यावर ठेवले. दुसरा घेऊन ती शेजारी बसली, तशीच, मांडी घालून.

"चल दादा. दाब."

दादाने डोळे मिटले.

संगीत संपलं, पुन्हा सुरू झालं. संपलं, पुन्हा सुरू झालं. तासभर ती तशीच बसून राहिली. वहिनीच्या डोक्यात ते तुणतुणं घणासारखं वाजत होतं. "वन्सं, तुम्हीच दाबा ना ते एकदाचं!"

"दादा दाबेल."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुकान सुटलं की धाकटी यायची, खोका लावायची, दादाचे हात रिमोटवर ठेवायची आणि वाट बघत बसायची. आता कुणीही शहाणा म्हणेल, बाई गं, हात लांब कर, त्याच्या मांडीवरचं बटण दाब, खेळ सुरू कर, बघ तरी काय होतं ते. पण ते तिच्या हातून होईना. तिला वाटायचं, मी स्टार्ट दाबलं म्हणजे दादा संपला, हे मी माझ्या हाताने कबूल केलं. म्हणून ती दाबत नव्हती आणि तो दाबत नव्हता, आणि मधल्या मध्ये दोन शिपाई पडद्यावर पाठीला पाठ लावून उभे होते. व्यायामाच्या बाई एकदा त्या वेळेला आल्या. पाच मिनिटं बघत राहिल्या आणि दादाचा उजवा हात सरळ करून पाहिला. बोटं आता पुरती उघडत नव्हती. "मी पुढच्या महिन्यापासून येत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

त्या गेल्या आणि वहिनीचा बांध फुटला. "तुम्हाला खेळायचंय, वन्सं! यांना नाही! तुमचं ते लहानपण यांच्या मांडीवर का टाकताय? मी इथे यांचं सगळं करते, आणि तुम्ही रोज संध्याकाळी येऊन टीव्ही लावून बसता!"

धाकटीच्या वर्मी लागलं, कारण खरं होतं. तिने तो राग वहिनीवर काढला नाही, दादावर काढला. त्याचा खांदा धरून गदागदा हलवला. "दाब ना रे! एक बटण दाबायचंय! एवढंही करणार नाहीस? कुणासाठीच नाही?" दादाची मान इकडून तिकडे हेलकावली. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली. वहिनीने तिला मागे ओढलं. दोघी कितीतरी वेळ पलंगाच्या दोन बाजूंना तोंड फिरवून रडत होत्या आणि टीव्हीतून तुताऱ्या वाजत होत्या.

त्या रविवारी ती शेवटचं म्हणून आली. खोका आवरून परत न्यायचा, असं ठरवूनच. पण आवरण्याआधी सवयीने लावला. दादाच्या हातात पहिला रिमोट दिला, दुसरा घेऊन बसली.

दादाचा डावा हात हलला.

तिला आधी वाटलं, उशी सरकली. मग पहिला रिमोट मांडीवरून घसरून तिच्या गुडघ्यावर पडला. त्याने ढकलला होता. तोच हात पांघरुणावरून सरपटत आला, तिच्या हातातल्या रिमोटची वायर त्याने बोटात पकडली आणि ओढली. तिने रिमोट सोडला. दादाने तो, बिनस्टार्टचा, धाकटीचा रिमोट आपल्या मांडीवर घेतला आणि डावा अंगठा त्याच्यावर ठेवला.

धाकटी कधीपासून हेच तर मागत होती, त्याने हात हलवावा, काहीतरी हवं म्हणावं. आणि त्याने मागितलं काय, तर दुसरा नंबर. तिने पहिला उचलला. मधोमध ते लांबट रबरी बटण. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते दाबलं.

शिपाई वरून उड्या मारून खाली आले. आता निळा तिचा होता आणि लाल दादाचा. उजव्या अंगठ्याखालची बटणं त्याच्या कामाची नव्हती, म्हणजे गोळी नाही आणि उडी नाही. पण चालवायचं बटण डाव्या अंगठ्याखाली असतं. लाल शिपाई एक पाऊल पुढे गेला. थांबला. दुसरं पाऊल.

"वहिनी! वहिनी, धाव! दादा चालायला लागला!"

स्वयंपाकघरात भांडं आदळलं. वहिनी साबणाच्या हातांनी धावत आली, दारात थबकली आणि पलंगावर जसाच्या तसा बसलेला नवरा तिने पाहिला. "कुठे?" धाकटीने टीव्हीकडे बोट दाखवलं. वहिनीच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते बघवत नव्हतं. पण मग तिची नजर दादाच्या अंगठ्यावर गेली आणि ती तिथेच, ओल्या हातांनी, उंबऱ्यावर बसली.

"तू चाल, दादा. गोळ्या मी मारते. तू नुसता चाल." निळा शिपाई पुढे, मागे, वर, खाली, जीव तोडून गोळ्या झाडत होता. लालच्या अंगाला तिने काही लागू दिलं नाही. लाल चालत गेला, चालत गेला, पहिल्या खड्ड्याच्या काठाशी आला आणि चालतच राहिला. पडला.

"असू दे. उडीचं बटण त्या बाजूला आहे ना, म्हणून," वहिनी पटकन म्हणाली.

लाल पुन्हा वरून आला. धाकटी म्हणाली, "आता काठाशी थांब हं." लाल सरळ खड्ड्याकडे गेला. पडला. तिसऱ्यांदा आला, तसाच गेला, काठावर क्षणभरही न थांबता. त्याच्या लाइफ संपल्या.

पडदा मोकळा झाला.

वहिनीला त्यातलं काही कळलं नसतं. ते धाकटीलाच कळू शकत होतं. दादा आता टीव्हीकडे बघत नव्हता. तो धाकटीकडे बघत होता, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. डाव्या हाताची बोटं त्याने पांघरुणावरून किंचित उचलली आणि पुढे केली. जा. मी मागे उभा आहे तोवर तुमचा पडदा सरकणार नाही. मी संपतो, तुम्ही पुढे जा. तो भिंतीकडे तोंड करून इतके दिवस हेच सांगत होता आणि त्या दोघी त्याला चमच्याने भरवत होत्या.

"काय म्हणतायत?" वहिनीने विचारलं.

"काही नाही."

पण वहिनी काही खुळी नव्हती. तिने दादाच्या बोटांकडे पाहिलं, दादाच्या डोळ्यांकडे पाहिलं. मग उठली आणि स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, मोठा, आणि तो चालूच राहिला.

धाकटीने खोक्यावरचं रिसेट दाबलं. स्टार्ट दाबलं. दोघं पुन्हा खाली आले. लाल चालायला लागला, खड्ड्याकडे. तिने निळ्याला त्याच्या आडवं उभं केलं, पण त्या गेममध्ये शिपाई एकमेकांच्या आरपार जातात, कुणी कुणाला अडवू शकत नाही. पडला. पडला. पडला. रिसेट. स्टार्ट. तिचा अंगठा दुखायला लागला. लहानपणी ज्या बटणाचा तिला हेवा वाटायचा ते बटण ती वेड्यासारखी दाबत होती आणि दरवेळी तो तितक्याच शांतपणे चालत जाऊन पडत होता. हाताची घाई नाही, चेहऱ्यावर राग नाही. आपण याला कसं थांबवणार, हे तिला कळेना. शब्द संपले होते. रडून झालं होतं. गदागदा हलवूनसुद्धा झालं होतं.

पुन्हा स्टार्ट. या वेळी तिने एकही गोळी झाडली नाही. निळ्याला पळवत लालच्या पुढे नेलं आणि काठावर थांबवलं.

"मग मी पण," ती म्हणाली. "ऐकतोयस ना? मी पण."

आणि तिने पाऊल पुढे टाकलं. निळा खड्ड्यात गेला. वरून आला, पुन्हा गेला.

"एऽ!"

आवाज घोगरा होता, ओला होता, अर्ध्या तोंडातून आलेला. धाकटी गोठली. तिने वळून पाहिलं नाही, पाहायचं धाडस झालं नाही. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"कोण ओरडलं?" आतून वहिनी म्हणाली. "वन्सं, कोण ओरडलं?"

पडद्यावर लाल शिपाई काठापासून दोन पावलं अलीकडे उभा होता, जागचा हलत नव्हता. निळ्याची शेवटची लाइफ वरून खाली आली. तिने डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसलं, अंगठा घट्ट केला आणि निळ्याला पुन्हा काठाकडे चालवत नेलं, अगदी हळू, त्याला नीट दिसेल असं. मागून पुन्हा आवाज आला, आधीपेक्षा मोठा, आणि चांगलाच चिडलेला.